अनुभवी सायकलपटू स्त्रिया शर्यतीत का नाहीत?

मोरा बंदरावर भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या सकाळच्या लाँचची वाट पाहत बसलेल्या मनुष्यास अलीकडे एक दृश्य पुष्कळदा दिसते. उजाडता उजाडता तीन-चार स्त्रिया सायकलींवरून येतात, धक्क्यापाशी क्षणभर थांबून पाणी पितात, घड्याळात पाहतात आणि लगोलग केगावच्या बाजूस वळतात. त्यांतील एकीचा मुलगा महाविद्यालयात जातो. दुसरीस दहाच्या ठोक्याला बँकेत हजर व्हावयाचे असते. तिसरीच्या घरी सासऱ्यांचा चहा व औषध साडेसातच्या आत झाले पाहिजे. ह्या नवशिक्या नव्हेत. दहा-बारा वर्षे त्यांनी ह्या तालुक्यातील रस्ते तुडविले आहेत. चाकातील हवा गेली तर कोणाच्या तोंडाकडे न पाहता त्या नळी बदलतात. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर कोणत्या वेळी कोणत्या वळणावर येतात हे त्यांस तोंडपाठ आहे. समोरून वारा असता श्वास कसा राखावा हे त्यांस कोणी शिकविलेले नाही, तरी ते त्यांस येते.

परंतु जवळपास कोठे हौशी सायकलस्वारांची शर्यत भरली की ह्या स्त्रिया तेथे दिसत नाहीत. गेल्या काही वर्षांत रस्त्याच्या कडेस उभे राहून आम्ही अशा तीन-चार शर्यती पाहिल्या. पुरुषांत अठरा वर्षांच्या पोरापासून पोट सुटलेल्या पन्नाशीच्या गृहस्थापर्यंत सर्व वयांची माणसे होती. स्त्रियांच्या रांगेत मात्र पाच-सात कोवळ्या मुली, आणि त्यापुढे रांग संपलेली. पस्तिशीपुढील, रस्त्याचा खरा अनुभव असलेली स्त्री तेथे जवळजवळ नव्हतीच. पहिल्या वेळी आम्हांस ह्याचे काही वाटले नाही. पुढे हा प्रश्न आमच्याच घरात निघाला, तेव्हा त्याचा विचार करणे भाग पडले.

आमच्या वहिनी बेचाळीस वर्षांच्या आहेत. लहानपणी पेण येथे भावाच्या सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून, त्या सायकल शिकल्या. लग्न झाले आणि सायकल माहेरी राहिली. मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर त्यांनी पुन्हा एक सायकल घेतली. प्रथम भाजीसाठी, मग पिरवाडीच्या किनाऱ्यापर्यंत, मग चिरनेर-खोपट्यापर्यंत, असे करीत करीत त्यांचा पल्ला वाढत गेला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तीनशे किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ पुरी केली. ज्या वाचकांस हा शब्द नवा असेल त्यांच्याकरिता सांगतो. पॅरिस येथील एका जुन्या मंडळाच्या नियमांनुसार जगभर भरणारी ही लांब पल्ल्याची सफर होय. दोनशे किलोमीटरांस साडेतेरा तास, तीनशेंस वीस, चारशेंस सत्तावीस आणि सहाशेंस चाळीस तास, ह्या मुदतीत जो पोहोचेल तो उत्तीर्ण. तीत पहिला-दुसरा नंबर नसतो. वहिनी पहाटे निघाल्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे त्यांनीच चहा केला. आम्ही तो घेतलाही. त्या वेळी त्यात काही विशेष आहे असे घरातील एकाही पुरुषाच्या मनात आले नाही.

गेल्या पौषात गॅसवाल्याचा नंबर हवा होता, म्हणून आम्ही किराण्याची वही चाळली. तीत घडी घातलेला एक कागद सापडला. शर्यतीचा प्रवेशअर्ज होता तो. नाव, वय, रक्तगट, अडचणीच्या वेळी कोणास कळवावे, सर्व रकाने सुवाच्य अक्षरांत भरलेले. सोबत पाकिटात शुल्काचे पैसेही होते. शर्यतीची तारीख उलटून आठ दिवस झाले होते.

आम्ही विचारले, “वहिनी, हा अर्ज पाठविला का नाहीत?”

त्या प्रथम हसल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, त्या रविवारी तुमचेच चार मित्र जेवायला होते ना?”

आम्हांस काही सुचेना. तेव्हा आमची अडचण ओळखून त्याच पुढे म्हणाल्या, “आणि गेले असते तरी काय? पहिल्या दोन किलोमीटरांत पोरी पुढे निघून जाणार. मग मी एकटी, आणि मागे ती रुग्णवाहिका. बघणारे म्हणणार, काकू दमल्या.”

ह्या दोन उत्तरांत आमच्या मते सारा प्रश्न सामावला आहे. पहिले उत्तर घराविषयी आहे, दुसरे शर्यतीच्या रचनेविषयी. परंतु त्यांचा विचार करण्यापूर्वी एक तिसरे उत्तर बाजूस सारले पाहिजे, कारण पुरुषमंडळींच्या तोंडी तेच प्रथम येते. चाळिशीनंतर स्त्रीच्या अंगी शर्यतीचे बळ राहत नाही, हे ते उत्तर.

ते खरे नाही. अल्प अंतरात एकदम उसळी मारण्याची शक्ती वयाबरोबर लवकर ओसरते हे खरे. परंतु तासन्‌तास एका गतीने चालण्याची शक्ती फार सावकाश उतरते, आणि सरावाने ती पुष्कळ काळ टिकविता येते. अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँग ह्यांनी २००८, २०१२ आणि २०१६ अशा तीन ऑलिंपिकांत घड्याळाशी लावलेल्या शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले. मधल्या काळात, २०१० साली, त्यांस मुलगा झाला. तिसरे पदक मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांस त्रेचाळिसावे वर्ष पुरे झाले. डच सायकलपटू आनेमीक फान फ्लाउटेन ह्या एकोणचाळिसाव्या वर्षी, २०२२ साली, कोपराचे हाड मोडलेले असताना जगज्जेत्या झाल्या.

ही व्यावसायिकांची उदाहरणे झाली असे कोणी म्हणेल. मग हौशी स्त्रीचे घ्यावे. इंग्लंडात लीड्स येथे १९३७ साली बेरिल बर्टन जन्मल्या. लहानपणी सांधेज्वराने त्या दीर्घकाळ रुग्णालयात होत्या, आणि श्रमाची कामे टाळण्याचा सल्ला वैद्यांनी दिला होता. पुढे त्यांनी भाजीच्या मळ्यावर अंगमेहनतीचे काम केले, संसार केला, मुलगी वाढविली आणि सायकलीवर सात जागतिक अजिंक्यपदे मिळविली. पैशासाठी त्या कधी धावल्या नाहीत. १९६७ साली बारा तासांच्या एका शर्यतीत त्यांनी दोनशे सव्वासत्त्याहत्तर मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर अंतर काटले. पुरुषांत पहिल्या आलेल्या माईक मॅकनॅमारा ह्यांचे अंतर त्याहून थोडे कमी भरले. त्यांस मागे टाकताना बर्टनबाईंनी खिशातील ज्येष्ठमधाची गोळी त्यांच्या हाती दिली, आणि त्यांनी ती घेतली! पुरुषांच्या विक्रमाने ते अंतर १९६९ पर्यंत गाठले नाही. स्त्रियांत तर तो विक्रम २०१७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, अबाधित राहिला. त्यांची कन्या डेनिस हीही सायकलपटू झाली. १९७६ साली राष्ट्रीय शर्यतीत मुलीने आईस हरविले, तेव्हा आईने रागाने तिच्याशी हस्तांदोलनही केले नाही. पुढे आत्मचरित्रात बाईंनी त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. रागावणे योग्य नव्हतेच. परंतु एकोणचाळीस वर्षांची आई मुलीच्याच रेषेवरून सुटते आणि हरल्याचे दुःख करण्याइतकी तिच्या जवळ पोहोचते, ही गोष्ट आम्हांस त्या रागाहून अधिक ध्यानात ठेवण्याजोगी वाटते.

आपल्या महाराष्ट्रातही बळाची उणीव नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी ह्यांनी २०१८ साली, विशीत पाऊल टाकताना, सुमारे एकोणतीस हजार किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. भंडारा जिल्ह्यातील मयूरी लुटे आणि कोल्हापूरकडील पूजा दानोळे ह्या मुलींची नावे राष्ट्रीय स्पर्धांत गाजली आहेत. आणि पुण्याच्याच प्रीती मस्के, दोन मुलांची आई, ह्यांनी चाळिशीनंतर सायकल मनावर घेऊन जून २०२२ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरांचे अंतर ५५ तास १३ मिनिटांत पार केले. हिमालयातील उंच घाटांच्या त्या वाटेवर श्वास घेणेही कठीण होते.

येथे एक गोष्ट लक्षात येते. प्रौढ स्त्रीची शक्ती लांब पल्ल्याच्या, एकटीने करावयाच्या सफरीकडे वळते; जेथे इतरांबरोबर रेषेवर उभे राहावयाचे असते तेथे ती वळत नाही. बळ तर आहे. मग रेषेपाशी असे काय आहे, की तेथे पाऊल अडते?

आता वहिनींचे दुसरे उत्तर घेऊ. आम्ही पाहिलेल्या शर्यतींत पुरुषांचे तीन-चार गट होते: कुमार, खुला, पस्तिशीवरील, पन्नाशीवरील. स्त्रियांचा गट एकच. जी मुलगी वर्षभर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रोज चार तास सराव करते ती, आणि जी गृहिणी आठवड्यातून तीन पहाटा चोरून काढते ती, दोघी एकाच शिट्टीवर सुटतात. सायकलच्या शर्यतीचे शास्त्र असे, की पुढच्या चाकामागे लागून चालणारास वाऱ्याची आड मिळते व त्याचे पावपट किंवा त्याहूनही अधिक श्रम वाचतात. म्हणून जो घोळक्यात टिकला तो टिकला, आणि जो दहा हात मागे पडला त्याच्यावर साऱ्या वाऱ्याचा भार पडतो. पुरुषांत मागे पडलेल्यास मागून येणाऱ्या दुसऱ्या घोळक्याची सोबत मिळते. स्त्रिया सातच असल्या तर मागे पडलेली एकटीच उरते. उरलेले सर्व अंतर ती समोरच्या वाऱ्याशी झुंजत, कडेच्या लोकांच्या नजरा झेलत काटते. उरणच्या मिठागरांवरून येणारा वारा ज्यांनी छातीवर घेतला आहे त्यांस ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

अशी स्त्री पुढच्या वर्षी येत नाही. ती नाही म्हणून तिची मैत्रीणही येत नाही. मग चालक म्हणतात, स्त्रियांचे अर्जच येत नाहीत, निराळा गट कोणासाठी ठेवावा? आणि गट नाही म्हणून अर्ज येत नाहीत. एका ठिकाणी तर स्त्रियांच्या गटात पाचांहून कमी नावे आली म्हणून तो गट ऐन वेळी रद्द झाल्याचे आम्ही पाहिले. आलेल्या तिघी-चौघी सायकली गाडीवर बांधून परत गेल्या. पाहुण्यांस पानावरून उठविण्यासारखेच हे झाले. आणि पुन्हा त्या पाहुण्या आल्या नाहीत तर दोष कोणाचा?

ब्रेव्हेत हे घडत नाही, कारण तेथे कोणी हरत नाही. म्हणून आमच्या अनुभवी स्त्रिया तिकडे जातात. ही आवड वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु ज्यांस शर्यत नकोच आहे त्यांची गोष्ट वेगळी, आणि ज्या अर्ज भरून वहीत ठेवतात त्यांची वेगळी. नको म्हणणे हा हक्क आहे. हवे असून नको म्हणावे लागणे ह्यास दुसरेच नाव द्यावे लागेल.

कोणी विचारील, एक गृहिणी शर्यतीत उतरली नाही तर जगाचे काय बिघडले? आमच्या मते पुष्कळ बिघडते. घोळक्यात चालण्याची कला पुस्तकातून येत नाही. पुढच्याच्या चाकास आपले चाक लागू न देणे, वळणावर आपली रेघ न सोडणे, खड्डा दिसताच हाताने मागच्यास खूण करणे, वाऱ्याचा भार आळीपाळीने घेणे, ह्या गोष्टी कोणी जुन्या जाणत्याने शेजारी चालून दाखवाव्या लागतात. पुरुषांत मामा-काका हे काम आपसूक करीत असतात. मुलींच्या रांगेत मावशी नाही, आत्या नाही. मुलगी पडते, भिते, आणि दोन वर्षांत सोडते. शिवाय तिला समोर चाळिशीची एकही बाई दिसत नाही. लग्नानंतर हे सर्व संपावयाचे असते असा त्यातून ती मुकाट्याने अर्थ काढते. तिने तो अर्थ चुकीचा काढला असे म्हणण्यास आपणांपाशी तरी काय पुरावा आहे?

रस्त्याचे भय खरे आहे, ते आम्ही नाकारीत नाही. १९८९ साली न्हावाशेवा येथे मोठे बंदर सुरू झाले तेव्हापासून जासईकडील व बंदराच्या वाटा अवजड गाड्यांनी भरून गेल्या आहेत. त्या वाटांवर सायकल शर्यतीस जागा नाही, आणि जो चालक तेथे शर्यत भरवील त्यास वेळीच अडविले पाहिजे. परंतु द्रोणागिरीच्या पायथ्याकडील गावरस्ते, रविवारची पहाट, आणि दोन-तीन तास वळणांवर उभे राहणारे स्वयंसेवक, एवढे जमले तर ह्याच तालुक्यात लहानशी शर्यत भरू शकते. तीही घोळक्याची नको. एकेकीने मिनिटा-मिनिटाच्या अंतराने सुटावे आणि घड्याळाशी झगडावे. ह्या प्रकारात मागे पडल्याची लाज नसते, कारण कोण मागे आहे हे शेवटपर्यंत कोणास कळत नाही. आपला गेल्या वर्षीचा वेळ हाच आपला प्रतिस्पर्धी असतो. प्रौढांच्या जागतिक स्पर्धांत पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट पाडतात. आपणांस इतके नको. पण पस्तिशीवरील स्त्रियांचा एक गट तरी असावा, आणि त्यात तीनच नावे आली तरी तो रद्द होऊ नये. तीन वर्षे तो रिकामा राहिला तरी चालेल. पंगतीत पान आधी मांडावे लागते, पाहुणे मागाहून बसतात.

आता वहिनींचे पहिले उत्तर, जे आम्ही मुद्दाम शेवटी ठेविले. कारण तेथे दोष चालकांचा नसून आमचा आहे. ‘तुमचेच चार मित्र जेवायला होते ना?’ त्या मित्रांस बोलाविताना आम्ही वहिनींस विचारले होते काय? विचारले होते. ‘रविवारी चौघे येतील, चालेल ना?’ असे आम्ही म्हणालो, आणि त्या ‘चालेल’ म्हणाल्या. ह्यास आम्ही विचारणे समजत होतो. त्या दिवशी सकाळी त्यांस दुसरे काही करावयाचे असेल ही शंकाच आमच्या मनास शिवली नाही. एकत्र कुटुंबाचे एक मोठे सुख असे, की घरात माणसे पुष्कळ असतात, आणि एकाचे काम दुसऱ्यास उचलता येते. परंतु आमच्या घरात हा नियम पुरुषांच्या कामास लागू होता. दादांस मुंबईस जावयाचे असले तर सारे घर त्यांच्या लाँचच्या वेळेभोवती फिरे. वहिनींच्या पहाटेभोवती कोणी फिरले नाही. त्यांनी ती पहाट स्वतःच्या झोपेतून कापून काढली, आणि शर्यतीचा दिवस झोपेतून कापून निघण्यासारखा नव्हता.

ह्यास उपाय फार मोठा नाही. वर्षातून एक-दोन रविवार घराच्या दिनदर्शिकेवर आधी लिहून ठेवावे, जसे आपण श्राद्धपक्ष व सत्यनारायण लिहितो. त्या दिवशी चहा, औषध, पूजा व स्वयंपाक कोणाकडे, हे आदल्या रात्री ठरावे. घरातील एकाने तरी शर्यतीच्या कडेस जाऊन उभे राहावे; पाणी देण्यासाठी म्हणा, किंवा ‘काकू दमल्या’ म्हणणारास उत्तर देण्यासाठी म्हणा.

यंदा आम्ही तसे केले. माघातील एका रविवारी घड्याळाशी लावलेली एक लहान शर्यत होती, अवघ्या वीस किलोमीटरांची. भात थोडा करपला, आमटीत मीठ दोनदा पडले, आणि आईने आयुष्यात प्रथमच दादांच्या हातचा चहा घेऊन ‘बरा आहे’ एवढाच अभिप्राय दिला. आम्ही वळणावर पाण्याची बाटली घेऊन उभे होतो. स्त्रिया सहा होत्या. वहिनींचा क्रमांक पाचवा आला. सांगण्याजोगा पराक्रम काही झाला नाही.

परंतु शर्यत संपल्यावर घामाने निथळत असलेली एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी वहिनींपाशी आली. “काकू, त्या शेवटच्या वळणावर तुम्ही ब्रेक न लावता कशा आलात?” असे तिने विचारले. वहिनींनी सायकल भिंतीस टेकविली, तिची सायकल हाती धरली, आणि आतला पेडल वर ठेवून अंग कसे झुकवावे हे तिला दाखवू लागल्या. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. घरी जेवावयास उशीर होत होता. आम्ही त्यांस हाक मारण्यास तोंड उघडले, आणि तसेच मिटले.